उद्योगाचा दूरस्थ तंत्रज्ञान सल्लागार : गुण, जबाबदारी आणि कसोट्या

(व्याख्यानाचा मजकूर)

म्हैसूर शहराच्या वायव्य भागातील गोकुलम ही मुळात एक शांत निवासी वसाहत. अष्टांग योगाचे आचार्य के. पट्टाभी जोईस यांनी १९४८ मध्ये शहराच्या लक्ष्मीपुरम भागात सुरू केलेली योगसंस्था २००२ मध्ये गोकुलममधील नव्या वास्तूत आली आणि जगभरातील साधकांचा ओघ या वसाहतीकडे वळला. त्यापाठोपाठ येथे भाड्याच्या खोल्या, लहान उपाहारगृहे आणि योगसाहित्याची दुकाने असे अनेक छोटे व्यवसाय उभे राहिले. येथून जवळच हेब्बाळ औद्योगिक क्षेत्र आहे आणि त्याच परिसरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९८३ मध्ये बंगळुरूला स्थलांतरित झालेल्या या कंपनीचे हजारो तरुण अभियंते येथे शिकून बाहेर पडतात आणि साता समुद्रापलीकडच्या बँकांना, विमा कंपन्यांना व कारखान्यांना दुरून तंत्रज्ञानसेवा देतात.

या दोन चित्रांमधील अंतर विचार करावयास लावणारे आहे. परदेशातील मोठ्या उद्योगाला भारतातून तंत्रज्ञानविषयक सल्ला सहज मिळतो. पण त्याच परिसरातील दहा खोल्यांच्या निवासगृहाच्या मालकाला मात्र कोणता संगणक घ्यावा, हिशेबाची कोणती प्रणाली निवडावी, पाहुण्यांची माहिती कोठे साठवावी हे सांगणारा विश्वासू माणूस सापडत नाही. ही उणीव भरून काढू शकणारा दूरस्थ तंत्रज्ञान सल्लागार कसा असावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

सल्लागार कोण आणि त्याची गरज कोणाला?

मोठ्या कंपनीत मुख्य माहिती अधिकारी हे स्वतंत्र पद असते. तंत्रज्ञानावर किती खर्च करावा, कोणती यंत्रणा घ्यावी आणि कोणती टाळावी, संकट आले तर काय करावे, हे ठरविण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते. लहान उद्योगाला असा पूर्णवेळ अधिकारी परवडत नाही. म्हणून महिन्यातील काही ठरावीक तास, दूरध्वनी व इंटरनेटच्या माध्यमातून, अनेक उद्योगांना मिळून हीच सेवा देणारा सल्लागार पुढे आला. व्यवहारात त्याला व्हर्च्युअल सीआयओ असेही म्हणतात.

येथे तीन भूमिकांमधील फरक स्पष्ट असावयास हवा. बिघडलेला संगणक सुरू करून देतो तो तंत्रज्ञ. यंत्रे व सॉफ्टवेअर विकतो तो विक्रेता. व्यवसायाच्या उद्दिष्टांशी तंत्रज्ञानाचा मेळ घालून देतो तो सल्लागार. लहान गावात ही तिन्ही कामे बहुधा एकच माणूस करतो आणि बऱ्याच अडचणींचे मूळ तेथेच असते.

या गरजेचा आवाका मोठा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ साली झाला. १ जुलै २०२० पासून उद्यम पोर्टलवर नोंदणी सुरू झाली. उद्यम साहाय्य मंचावरील नोंदी धरून ही संख्या ६ कोटींच्या पुढे गेली आहे. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात या क्षेत्राचा वाटा सुमारे ३० टक्के आणि निर्यातीत सुमारे ४५ टक्के आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित व्याख्येनुसार गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपयांपर्यंतचा उद्योग लघु समजला जातो. यांपैकी बहुसंख्य उद्योगांत तंत्रज्ञानाचा निर्णय मालक स्वतःच, ऐकीव माहितीवर घेतो.

पहिला गुण : आधी व्यवसाय समजून घेणे

चांगला सल्लागार प्रारंभी यंत्रांविषयी बोलत नाही. पैसा कोठून येतो, कोठे अडतो, कोणते काम दोनदा करावे लागते आणि कोणते काम एक दिवस बंद पडले तर धंदा थांबतो, हे चार प्रश्न तो विचारतो.

गोकुलममधील एखाद्या निवासगृहाचे उदाहरण घेता येईल. पाहुणा परदेशी असेल तर तो उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन पाठविणे बंधनकारक आहे. पारपत्राची प्रत घ्यावी लागते. पैसे परदेशी कार्डावरून येतात किंवा यूपीआयवरून. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय यंत्रणा भारतीय बँक खात्याशी जोडलेली असल्याने परदेशी प्रवाशांची अडचण होत असे. जी-२० परिषदेच्या निमित्ताने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ ही सोय सुरू झाली. आरक्षण एका संकेतस्थळावर, हिशेब वहीत आणि पारपत्रांच्या प्रती मालकाच्या भ्रमणध्वनीत, अशी स्थिती असेल तर खरी गरज नव्या महागड्या संगणकाची नसते. विखुरलेली माहिती एका सुरक्षित जागी आणणे आणि २४ तासांची मुदत कोणाच्याही स्मरणशक्तीवर अवलंबून न ठेवणे, ही ती गरज होय. हे ओळखणारा सल्लागार मालकाचा पहिला खर्च वाचवितो.

बेळगावच्या एखाद्या ओतशाळेचे प्रश्न निराळे असतील. तेथे कच्च्या मालाचा साठा, मागणीनुसार उत्पादन आणि थकलेली येणी महत्त्वाची. उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून वस्तू व सेवा करासाठी इतर व्यावसायिकांना द्यावयाचे बीजक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढणे आवश्यक झाले आहे. निवासगृहाला दिलेला सल्ला ओतशाळेला जसाच्या तसा देणारा माणूस सल्लागार नव्हे.

दुसरा गुण : निःपक्षपातीपणा

सल्लागाराच्या व्यवसायाचा आदर्श शोधण्यासाठी म्हैसूरकरांना दूर जावे लागत नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रवेश केला आणि नाशिक, खानदेश, पुणे या भागांत काम केले. खडकवासला धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मधील. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहराची मोठी हानी झाली, तेव्हा निजामाच्या सरकारने त्यांना सल्लागार अभियंता म्हणून पाचारण केले. त्यांनी पुराची कारणे तपासली आणि नदीच्या वरच्या भागात जलाशय बांधण्याची योजना सुचविली. त्या दिशेने पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्यानंतर ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते.

या कामातून सल्लागारासाठी एक धडा मिळतो. सल्ला मागणाऱ्याची समस्या घटनास्थळी अभ्यासावी, कारण शोधावे, उपाय लेखी मांडावा आणि त्या उपायासाठी लागणाऱ्या सामग्रीच्या विक्रीत स्वतःचा हितसंबंध नसावा. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात हा शेवटचा मुद्दा कळीचा ठरतो. सॉफ्टवेअर कंपन्या व क्लाउड सेवा देणाऱ्या संस्था विक्री आणून देणाऱ्याला अनेकदा दलाली देतात. दलाली घेणे बेकायदा नाही. पण ती ग्राहकापासून लपविणे हा विश्वासाचा भंग आहे. चांगला सल्लागार आपली मिळकत कोठून होते हे करारातच नमूद करतो आणि प्रसंगी ‘हे विकत घेऊ नका, आहे त्यावरच भागेल’ असेही सांगतो.

तिसरा गुण : किल्ल्या मालकाच्या हाती ठेवणे

दूरस्थ सल्लागाराला ग्राहकाच्या यंत्रणेत प्रवेश द्यावाच लागतो. संकेतस्थळाचे नाव, ई-मेलची व्यवस्थापकीय परवलवाक्ये, हिशेबाची प्रणाली, माहितीच्या राखीव प्रती हे सारे त्याच्या हाताखालून जाते. धोका येथेच आहे. संकेतस्थळाचे नाव सल्लागाराने स्वतःच्या नावावर नोंदविले आणि पुढे मतभेद झाले, तर वर्षानुवर्षे ग्राहकांना माहीत असलेला पत्ताच व्यवसायाच्या हातून निसटतो. भारताच्या ‘डॉट इन’ नावांच्या नोंदणीचे काम पाहणारी ‘निक्सी’ ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. अशा नोंदणीत धारक म्हणून व्यवसायाचे वा मालकाचे नाव असणे, ही अगदी प्राथमिक दक्षता आहे.

म्हणून चांगला सल्लागार पहिल्याच महिन्यात एक यादी तयार करतो. कोणती सेवा कोणाच्या नावावर आहे, तिचे नूतनीकरण केव्हा आहे, सर्वोच्च अधिकाराची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या यादीत असते. तिची एक प्रत बंद लिफाफ्यात मालकाकडे राहते. सल्लागार उद्या आजारी पडला, व्यवसाय सोडून गेला किंवा त्याला बदलावे लागले, तरी काम अडता कामा नये. आपल्याला दूर करणे ग्राहकाला सोपे जाईल अशी व्यवस्था जो स्वतः लावून देतो, त्याच्यावर विश्वास टाकण्यास हरकत नाही.

चौथा गुण : सुरक्षिततेची सवय

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला महाराष्ट्राला परिचित आहे. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून बनावट मंजुरी देणारी समांतर व्यवस्था उभी केली. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून पैसे काढले गेले आणि स्विफ्ट यंत्रणेतूनही रक्कम बाहेर गेली. एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांहून अधिक होते. सव्वाशे वर्षांच्या आसपास परंपरा असलेल्या, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ही कथा असेल, तर लहान उद्योगाने गाफील राहून चालणार नाही.

दूरस्थ सल्लागाराच्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण जुलै २०२१ मधील आहे. अनेक ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळण्यासाठी सेवादार ‘कासेया’ कंपनीची प्रणाली वापरत. तिच्यातील दोषाचा फायदा घेऊन खंडणीखोरांनी थेट सेवादारांच्या मार्गाने त्यांच्या ग्राहकांपर्यंत मजल मारली. कंपनीने दिलेल्या अंदाजानुसार सुमारे १,५०० पर्यंत व्यवसायांना याची झळ बसली. स्वीडनमधील ‘कूप’ या दुकानसाखळीला शेकडो दुकाने तात्पुरती बंद ठेवावी लागली. ज्या दाराने मदत यावयाची त्याच दाराने चोर आला.

पुढे १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यात कोणी हल्लेखोर नव्हता. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. यंत्रणा कोलमडली तरी हाताने काम चालू ठेवण्याची तयारी किती मोलाची असते, हे त्या दिवशी दिसून आले.

या घटनांमधून सल्लागाराच्या सवयी ठरतात. त्याने स्वतःच्या प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी वापरावी. प्रत्येक ग्राहकासाठी परवलवाक्य वेगळे ठेवावे. आवश्यक तेवढाच आणि आवश्यक तेवढ्या काळापुरताच प्रवेश घ्यावा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा संकेत पाळावा. सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे राखीव प्रतीवरून माहिती परत मिळते की नाही याची प्रत्यक्ष चाचणी. प्रत आहे, पण ती उघडत नाही, हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

पाचवा गुण : कायद्याचे भान

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. सायबर घटनांना प्रतिसाद देणारी राष्ट्रीय संस्था ‘सर्ट-इन’ २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक स्वरूपाच्या सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आवश्यक आहे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. यातील एक तरतूद लहान उद्योजकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. माहिती कोणत्या हेतूने व कशी वापरावयाची हे जो ठरवितो, त्याच्यावरच कायद्याच्या पालनाची जबाबदारी राहते, मग प्रत्यक्ष प्रक्रिया त्याच्या वतीने दुसरा कोणी करीत असला तरीही. अशी प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपविण्यासाठी वैध करार लागतो. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे सल्लागाराची चूक झाली तरी पाहुण्यांच्या पारपत्रांबाबत उत्तर निवासगृहाच्या मालकालाच द्यावे लागते. जो सल्लागार हे स्वतःहून मालकाला सांगतो तो प्रामाणिक होय.

येथे एका धोरणात्मक प्रश्नाचाही विचार करावयास हवा. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा आणि वकिलांसाठी १९६१ चा अधिनियम आहे; गैरवर्तन केल्यास त्यांची सनद रद्द होऊ शकते. तंत्रज्ञान सल्लागारासाठी अशी वैधानिक परिषद नाही. सर्ट-इन माहिती सुरक्षेच्या लेखापरीक्षण संस्थांची नामिका ठेवते, परंतु सर्वसाधारण सल्लागाराला परवाना लागत नाही. कोणीही उद्या हा फलक लावू शकतो. परिणामी ग्राहकाचे संरक्षण लेखी करार आणि स्वतःची सावधगिरी यांवरच अवलंबून राहते.

सहावा गुण : भाषा आणि उपलब्धता

समोरासमोर नसलेल्या माणसाचा विश्वास शब्दांवर उभा असतो. दूरस्थ सल्लागाराने ग्राहकाच्या भाषेत, कानडीत, मराठीत वा हिंदीत, समजेल असे लिहिले पाहिजे. तांत्रिक परिभाषेचा मारा करून मालकाला गप्प करणे सोपे असते. त्याला स्वतः निर्णय घेता येईल इतके समजावून देणे अवघड. प्रत्येक महिन्याचा अहवाल एका पानाचा असावा. काय केले, काय राहिले, कोणता धोका दिसतो, पुढील तिमाहीत किती खर्च येईल, एवढे त्यात पुरे. साध्या प्रश्नाला किती तासांत उत्तर मिळेल आणि काम बंद पडल्यास किती वेळात प्रतिसाद मिळेल, हे करारात आकड्यांत लिहिलेले असावे. दूर असण्याची मर्यादाही त्याने मान्य केली पाहिजे. वर्षातून किमान एकदा जागेवर येऊन वीजजोडणी, तारा आणि कर्मचाऱ्यांची प्रत्यक्ष कामाची रीत पाहिल्याशिवाय बऱ्याच गोष्टी कळत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्ता सल्लागाराची जागा घेईल काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संवादप्रणाली आज तंत्रज्ञानविषयक प्रश्नांची उत्तरे क्षणात देतात. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी मिळाली. लहान उद्योजकाला यातून प्राथमिक माहिती स्वस्तात मिळेल, हे नक्की. मात्र या प्रणाली काही वेळा चुकीची माहितीही ठामपणे देतात आणि त्या चुकीची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही. शिवाय ग्राहकांची वैयक्तिक माहिती अशा प्रणालीत टाकणे हाच नवा धोका ठरू शकतो. सल्लागाराने या साधनाचा वापर करावा, उत्तर पडताळावे आणि सल्ल्याखाली स्वतःचे नाव लिहावे.

पुढील वाटचाल

लहान उद्योगाला तांत्रिक सल्ला पुरविणे ही कल्पना देशाला नवी नाही. १९५४ मध्ये लघुउद्योग विकास आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले आणि त्यापाठोपाठ लघुउद्योग सेवा संस्था स्थापन झाल्या. यंत्रे कोणती घ्यावीत, गुणवत्ता कशी राखावी याचे मार्गदर्शन त्या करीत. म्हैसूरमध्येच १९५० पासून कार्यरत असलेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आपले तंत्रज्ञान उद्योजकांना हस्तांतरित करते. प्रयोगशाळेतील ज्ञान कारखान्यापर्यंत नेण्याची जी वाट या संस्थांनी घातली, तीच माहिती तंत्रज्ञानाच्या बाबतीत रुंद करावयाची आहे. उद्योजक संघटना व जिल्हा उद्योग केंद्रे यांना नमुना करार उपलब्ध करून देता येईल. एका वसाहतीतील दहा-पंधरा व्यावसायिकांनी मिळून एक सल्लागार नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहील आणि सल्लागारालाही स्थिर उत्पन्न मिळेल.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रशासन, अर्थव्यवस्था व सायबर सुरक्षा हे परीक्षेतील तीन वेगळे घटक या एका विषयात एकत्र येतात. त्यामुळे कायदे, संस्था व वर्षे यांचा परस्परसंबंध ध्यानात घेऊन अभ्यास करावा. दुसरी गोष्ट रोजगाराची. मोठ्या कंपनीतील नोकरीखेरीज, आपल्या तालुक्यातील गिरणीला, पतसंस्थेला वा निवासगृहाला प्रामाणिक तंत्रज्ञानसल्ला देणे हाही सन्मानाचा व्यवसाय आहे. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागेल, कायद्याची जाण लागेल आणि दुसऱ्याच्या घराची किल्ली सांभाळताना जी नीतिमत्ता लागते तीही लागेल. पहिल्या दोन गोष्टी अभ्यासक्रमातून मिळतात. तिसरीची परीक्षा ग्राहक रोज घेत असतो.